गावात परदेशी पाहुणा मुक्कामी येणार आहे? फॉर्म सी आणि नोंदणीची पूर्ण पद्धत

मोहर्ली गेटजवळचा चार खोल्यांचा होमस्टे असो, वरूडकडच्या संत्र्याच्या बागेतले कास्तकाराचे घर असो, वर्ध्याजवळची एखादी संस्था असो की गावातले बुद्धविहार. परदेशी पासपोर्ट असलेला माणूस तुमच्या छपराखाली रात्र काढणार असेल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ही जबाबदारी पाहुण्याची नाही, त्याला जागा देणाऱ्याची आहे. त्यासाठी जो ऑनलाईन फॉर्म भरायचा, त्याला सगळीकडे ‘फॉर्म सी’ म्हणतात.

गावाकडे याबाबत दोन टोके दिसतात. काही जण ‘पोलिसांची झंझट नको’ म्हणून परदेशी पाहुणा ठेवायलाच नकार देतात, तर काही जण ‘आपलाच नातू आहे, त्याची कसली नोंदणी’ म्हणून काहीच करत नाहीत. पहिल्यात चार पैशांचा व्यवसाय जातो, दुसऱ्यात कायदा मोडतो. प्रत्यक्षात खाते एकदा उघडलेले असले की एका पाहुण्याचा फॉर्म पंधरा-वीस मिनिटांत होतो आणि त्याला शुल्क नाही. त्रास होतो तो पाहुणा दारात आल्यावर शोधाशोध सुरू करणाऱ्याला.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

१९४६ चा परदेशी नागरिक कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९२० चा पासपोर्ट कायदा आणि विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा कायदा, असे चार जुने कायदे रद्द करून त्यांच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ आला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. नव्या नियमांत नमुन्यांची नावे बदलली, पण पोलीस, हॉटेलवाले, टूर ऑपरेटर सगळे अजून ‘फॉर्म सी’च म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द ठेवला आहे.

हॉटेल, रिसॉर्ट, लॉज, धर्मशाळा, भक्तनिवास, आश्रम, वसतिगृह आणि खासगी घर, सगळे यात येतात. पैसे घेतले की नाही, हा प्रश्न इथे नाही. पोर्टलवर खाते उघडताना निवासाच्या प्रकारांत स्वतंत्र घर हा पर्यायही असतो. पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र किंवा न्याहारी-निवास म्हणून नोंदणी असेल, तर ती वेगळी बाब. ते प्रमाणपत्र भिंतीवर असले म्हणून फॉर्म सी टळत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज ओसीआय, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाबद्दल आहे. अमेरिकेत जन्मलेला नातू दिवाळीला आजी-आजोबांकडे येतो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असते, घरच्यांना वाटते तो भारतीयच. ओसीआय असलेला माणूस कायद्याने परदेशी नागरिकच असतो. त्याला कितीही दिवस राहिले तरी एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाकडे, स्वतःची नोंदणी करावी लागत नाही, ही सवलत खरी आहे. पण ती सवलत त्याची आहे. तो जिथे राहतो तिथल्या यजमानाने फॉर्म सी भरायचाच असतो. उलट, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा तीस वर्षे दुबईत राहिला असला, तरी त्याचा फॉर्म भरायचा नाही. नियम राहण्याच्या देशावर चालत नाही, पासपोर्टवर चालतो.

तुमचा अधिकारी कोण, हे आधी ठरवा

जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी, म्हणजे एफआरओ, हे पोलीस अधीक्षक असतात. प्रत्यक्ष काम अधीक्षक कार्यालयातल्या जिल्हा विशेष शाखेत चालते. तिथे परदेशी नागरिकांचा विषय सांभाळणारा एखादा हवालदार किंवा उपनिरीक्षक असतो. त्याचा कार्यालयीन फोन नंबर लिहून ठेवणे हे पहिले काम, कारण पुढच्या अर्ध्या अडचणी त्या एका फोनवर सुटतात.

विदर्भात नागपूर आणि अमरावती या दोन शहरांना पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागाला वेगळे अधीक्षक. चूक इथेच होते. रामटेक, देवलापार, उमरेड, काटोल नागपूर ग्रामीण अधीक्षकांकडे येतात, पण कामठी आणि हिंगणा गावाबाहेर वाटत असले तरी शहर आयुक्तालयात आहेत. मेळघाटातला चिखलदरा किंवा सेमाडोह अमरावती ग्रामीणकडे. तुमचे पोलीस ठाणे कोणाच्या हाताखाली आहे हे ठाणेदारांना विचारून घ्या आणि पोर्टलवर तेच कार्यालय निवडा. चुकीचे निवडले तर अर्ज दुसऱ्याच टेबलावर पडून राहतो आणि ‘मंजुरी का येत नाही’ याचे उत्तर कुणाकडेच नसते.

खाते उघडणे: पाहुणा येण्याच्या निदान दहा दिवस आधी

सरकारी संकेतस्थळाचा पत्ता इंडियनएफआरआरओ डॉट गव्ह डॉट इन असा आहे. शोधयंत्रात ‘फॉर्म सी’ टाकले की खासगी एजंटांची पाने वर येतात आणि ती शुल्क मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर ते पान बंद करा.

मुख्य पानावर दोन वेगळे रस्ते असतात. एक ई-एफआरआरओ, जो परदेशी माणसाने स्वतः वापरायचा. दुसरा फॉर्म सी, जो यजमानाने वापरायचा. तुम्हाला दुसरा हवा. त्यात नवीन वापरकर्ता म्हणून नोंदणी करताना निवासाचे नाव, प्रकार, किती माणसे राहू शकतात, पूर्ण पत्ता, राज्य, जिल्हा, मोबाईल, ईमेल आणि मालकाचे तपशील द्यावे लागतात.

पत्त्याबाबत एक सूचना. गावाकडच्या घराला ‘घर क्रमांक, रस्ता’ असे काही नसते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर जसा मालमत्ता क्रमांक आहे तसा लिहा, मग गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. महावितरणच्या बिलावर आणि नमुना ८ वर मालकाचे नाव वेगवेगळे असेल (वडिलांच्या नावाचे मीटर, मुलाच्या नावाचे घर, हे नेहमीचे), तर खाते ज्याच्या नावाने उघडाल त्याचा घराशी संबंध दाखवणारा एक कागद तयार ठेवा. जिल्हा विशेष शाखेतून पडताळणीचा फोन आला की हाच प्रश्न विचारतात.

ईमेल आणि मोबाईल घरातल्या अशा माणसाचे द्या, जो पाहुणा असेपर्यंत गावात असेल. खाते पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नंबरवर, पाहुणे गावात आणि मुलगा मीटिंगमध्ये, अशा वेळी २४ तास सहज निघून जातात.

अर्ज पाठवल्यावर तो एफआरओ कार्यालयाच्या मंजुरीसाठी जातो. चार-पाच दिवसांत काही कळले नाही तर फोन करा, जमले तर नमुना ८ चा उतारा, वीजबिल, आधारची प्रत आणि पर्यटन नोंदणी असल्यास तिची प्रत घेऊन स्वतः जाऊन या. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते. नव्या होमस्टेवाल्यांनी हे काम पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास उरकून घ्यावे, कारण हंगाम सुरू झाल्यावर तुम्हालाही वेळ नसतो आणि विशेष शाखेवरही सणांच्या बंदोबस्ताचा ताण असतो.

बुकिंगच्या वेळीच काय मागायचे

पाहुण्याकडून पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाची आणि व्हिसाची प्रत आधीच मागवून घ्या. बाहेरचे लोक याला सरावलेले असतात, त्यांना ते खटकत नाही. फॉर्म अर्धा भरून जतन करून ठेवता येतो, मग पाहुणा आल्यावर फक्त शिक्क्याची तारीख आणि आगमनाची वेळ तेवढी भरायची राहते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांना भारतात उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावे लागते. त्यात भारतातला पत्ता विचारतात. तुमचा पत्ता इंग्रजीत नीट टाईप करून पाहुण्याला पाठवा, म्हणजे तो तिथे आणि तुम्ही इथे सारखेच लिहाल. गावाचे स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या मनाने केले की पुढे पडताळणीत गोंधळ होतो.

त्याच निरोपात आणखी एक गोष्ट कळवा: सॅटेलाईट फोन आणू नये. भारतात तो परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे. जंगलात फिरणाऱ्या परदेशी लोकांच्या सामानात तो असतो, आणि आपण काही चुकीचे करतो आहोत हे त्यांना माहीत नसते.

पाहुणा आल्यावर

मूळ पासपोर्ट हातात घेऊन बघा. बघून लगेच परत द्या. पासपोर्ट ‘जमा’ करून ठेवण्याचा तुम्हाला अधिकार नाही. मोबाईलवर चार पानांचे फोटो घ्या: फोटोचे पान, व्हिसाचे पान किंवा ई-व्हिसाचा कागद, आगमनाच्या शिक्क्याचे पान आणि असल्यास ओसीआय कार्डाचे माहितीचे पान. रजिस्टरमध्ये नाव, देश, पासपोर्ट क्रमांक, कुठून आले, कधी आले, कुठे जाणार हे लिहून पाहुण्याची सही घ्या. हे रजिस्टर हॉटेलांनाच लागते असे समजू नका. बीट जमादार चौकशीला आले तर सगळ्यात आधी तेच मागतात.

शेजाऱ्याच्या सेवा केंद्रात प्रत काढायला दिली तर ती फाईल त्यांच्या संगणकावरून पुसून घ्या. प्रतीवर ‘केवळ फॉर्म सी साठी’ आणि तारीख लिहा. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहुण्याचा पासपोर्ट टाकणे हा त्याच्या विश्वासाचा घात आहे, मग तो ग्रुप पोलीस पाटलांचा का असेना. एका माणसाला द्यायचे असेल तर एकालाच द्या.

फॉर्म भरताना: एकेक रकाना

प्रत्येक माणसाचा स्वतंत्र फॉर्म. आई, वडील आणि दोन वर्षांचे मूल असे कुटुंब असेल तर तीन फॉर्म. मुलाचा वेगळा पासपोर्ट असतो आणि तेच नेहमी राहून जाते.

*नाव.* आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात. कोणते आडनाव हे अंदाजाने ठरवू नका. फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी छापलेल्या असतात. पहिल्या ओळीत पी अक्षर, मग देशाचे संकेताक्षर, मग आडनाव, त्यानंतर बाणाच्या टोकासारखी दोन चिन्हे लागोपाठ, आणि पुढे दिलेले नाव. त्या दोन चिन्हांच्या अलीकडचे सगळे आडनाव, पलीकडचे सगळे नाव. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांची दोन-दोन आडनावे असतात, तिथे ही ओळच खरे सांगते. एखादा पाहुणा ‘मला टॉम म्हणा’ म्हणेल, पण पासपोर्टवर थॉमस असेल तर थॉमसच लिहायचे.

म्यानमारमधून येणाऱ्यांना बहुधा आडनावच नसते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आलेले तिकडचे भिक्खू पुढे खेड्यातल्या विहारांत मुक्कामी जातात, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. सगळे नाव दिलेल्या नावाच्या रकान्यात टाका. आडनावाच्या जागी ‘भन्ते’ किंवा वडिलांचे नाव घालू नका.

*पासपोर्ट क्रमांक.* शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी, यांच्यात गफलत होते. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात ओ हे अक्षर वापरतच नाहीत, तिथे गोल दिसला की शून्य. शंका आली तर तळाच्या दुसऱ्या ओळीची सुरुवात बघा, तिथे तोच क्रमांक सुटसुटीत छापलेला असतो. मात्र त्यानंतरचा एक जादा अंक हा तपासणीचा असतो, तो क्रमांकाचा भाग नाही. मध्येच बाणाची चिन्हे आली तर तीही सोडून द्या.

*जन्मतारीख.* फॉर्ममध्ये आधी दिवस, मग महिना. अमेरिकन माणूस तोंडाने किंवा ईमेलमध्ये महिना आधी सांगतो. त्याने ०३/०७ लिहिले तर ते ७ मार्च असते, ३ जुलै नव्हे. अमेरिकन पासपोर्टवर महिना अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे तारीख तिथूनच उतरवा.

*राष्ट्रीयत्व.* पासपोर्ट ज्या देशाचा, तो देश. जन्मस्थान नागपूर छापलेले असले तरी पासपोर्ट कॅनडाचा असेल तर कॅनडा.

*व्हिसा.* चिकटवलेल्या व्हिसावर क्रमांक, जारी केल्याचे ठिकाण, तारीख आणि मुदत असते. ई-व्हिसावाल्याकडे ईमेलने आलेला परवानगीचा कागद असतो. तो आणि विमानतळावरचा शिक्का, दोन्ही समोर ठेवा. इथे दोन मुदती वेगळ्या असतात हे ध्यानात घ्या: व्हिसा कधीपर्यंत वैध आहे ही एक, आणि एका खेपेला किंवा वर्षात जास्तीत जास्त किती दिवस राहता येईल ही दुसरी. पाच वर्षांचा ई-टुरिस्ट व्हिसा म्हणजे सलग पाच वर्षे राहण्याची परवानगी नाही. ओसीआय असल्यास प्रकार ओसीआय निवडून कार्डावरचा क्रमांक आणि तारीख द्या.

*भारतात आगमन.* शिक्क्यावरची तारीख. युरोपातून १० तारखेला निघालेला माणूस दिल्लीत ११ ला पहाटे एक वाजता उतरतो. त्याच्या लेखी प्रवास १० चा असतो, शिक्का ११ चा. दिल्लीहून नागपूरला तो १२ ला आला असेल, तरी या रकान्यात ११.

*कुठून आला.* हा रकाना बहुतेकांचा चुकतो. तुमच्याकडे येण्याआधी तो जिथे होता ते ठिकाण इथे अपेक्षित आहे, त्याचा देश नव्हे. नागपूरच्या हॉटेलात एक रात्र काढून कोलारा गेटला आला, तर नागपूर, भारत.

*तुमच्याकडे आगमनाची तारीख आणि वेळ.* २४ तास इथून मोजले जातात. रात्री साडेदहाला आला तर २२:३० लिहा आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाच्या आत फॉर्म पूर्ण करा. विमानाच्या वेळेचा इथे संबंध नाही.

*येण्याचा उद्देश.* इथे शब्द जपून वापरा. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस आश्रमात किंवा संस्थेत थोडी सेवा करणार असेल, तर ई-टुरिस्ट व्हिसात जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता स्वयंसेवा करण्याची मुभा आहे. अशा वेळी ‘नोकरी’ किंवा ‘काम’ निवडले तर नसती चौकशी ओढवते. पण प्रत्यक्षात तो गावागावांतून मुलाखती घेऊन संशोधनाची माहिती गोळा करणार असेल, किंवा वृत्तपत्रासाठी लिहिणार असेल, तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही. त्यासाठी संशोधन व्हिसा आणि पत्रकार व्हिसा वेगळे आहेत. संस्थाचालकांनी हे पाहुण्याला तिकीट काढण्याआधी विचारावे. गावात आल्यावर व्हिसाचा प्रकार बदलून मिळेल, असे धरून चालू नये. आणि जे खरे आहे तेच फॉर्ममध्ये लिहावे.

*पुढचे ठिकाण.* ताडोब्याहून पेंचला जाणार असेल तर भारतातील ठिकाण निवडून ते लिहा, मायदेशी जाणार असेल तर भारताबाहेर.

*संपर्क.* भारतातला चालू नंबर द्या. पाहुण्याकडे इथले सिम नसेल तर तुमचा.

पाहुण्याचा फोटोही लागतो. पासपोर्टच्या पानावरचा फोटो कापून टाकला तर तो धूसर येतो, त्यापेक्षा भिंतीसमोर उजेडात उभे करून काढा आणि पोर्टलवर लिहिलेल्या आकारमर्यादेत छोटा करा. फोन थेट जो फोटो काढतो तो फार मोठा असतो, आणि ‘अपलोड होत नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा तेवढेच असते.

सगळे भरून झाल्यावर पाहुण्याला स्क्रीन दाखवा आणि नाव, क्रमांक, तारखा त्याच्याकडून वाचून घ्या. मग अंतिम सादर करा. नुसते जतन केलेला फॉर्म पोहोचलेला नसतो, तो तुमच्या खात्यात पडून असतो. सादर झाल्यावर अर्ज क्रमांक मिळतो. त्याची पीडीएफ ठेवा आणि एक प्रत पाहुण्यालाही द्या.

लाईन गेली, रेंज नाही

भामरागडच्या आत, मेळघाटात, नागझिऱ्याच्या काठच्या गावांत हे रोजचे आहे. पोर्टलचे सत्रही थोडा वेळ काही केले नाही की बंद होते आणि भरलेले जाते. त्यामुळे सगळे तपशील आधी कागदावर, फॉर्मच्या क्रमाने लिहून घ्या, मग एका दमात टाईप करा आणि मध्ये-मध्ये जतन करा. सकाळी लवकर पोर्टलही हलके चालते आणि रेंजही बरी असते. तालुक्याच्या सेवा केंद्रात जाऊन भरायचे असेल तर शेजारी बसून स्वतः पासवर्ड टाका, तो तिथे सांगून ठेवू नका.

२४ तासांत जमणारच नाही असे दिसले, तर थांबून राहू नका. जिल्हा विशेष शाखेला फोन करा, पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या, आणि रेंज येताच फॉर्म भरा. पोर्टल बंद असल्याचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवला तर पुढे उपयोगी पडतो.

ठाणे आणि पोलीस पाटील

साध्या टुरिस्ट व्हिसावरच्या पाहुण्याला स्वतः ठाण्यात जाऊन बसण्याची गरज नाही. त्याला उगीच फरपटत नेऊ नका. तुम्ही मात्र फॉर्मची छापील प्रत ठाण्यात देऊन पोच घेतली तर बरे. अनेक ठाणी ती मागतात, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तर पाहुणा येण्याआधीच ठाणेदारांना कळवणे पाहुण्याच्या सुरक्षेसाठीच आवश्यक समजा. नक्षलविरोधी मोहीम, बंद रस्ते, पुराचे पाणी यांची माहिती त्यांच्याकडे असते.

महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेले पोलीस पाटील हे गावातले पोलिसांचे डोळे. गावात अनोळखी माणूस आला की त्यांना विचारणा होते, म्हणून त्यांना आधी सांगणे हा रीतीचा भाग आहे. पण ‘पाटलांना सांगितले होते’ हे फॉर्म सी चे उत्तर होऊ शकत नाही. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांचा या नोंदणीशी संबंध नाही.

मुक्काम लांबला, मध्येच गेला, परत आला

मुक्काम वाढला तर आधी व्हिसाची मुदत बघा, मग विशेष शाखेला कळवा. पाहुणा निघून गेला की त्याच्या जाण्याची नोंदही करायची असते. पोर्टलवर आणि रजिस्टरमध्ये निघाल्याची तारीख, वेळ आणि पुढचे ठिकाण टाका. ही नोंद राहिली की सरकारच्या लेखी तो माणूस तुमच्याच घरी असतो, आणि महिनाभराने तो कुठे आहे हे तुम्हाला विचारले जाते. चार दिवस लोणारला आणि शेगावला जाऊन तो पुन्हा तुमच्याकडे आला, तर नवा फॉर्म भरा. मधल्या मुक्कामांचे फॉर्म तिथले लोक भरतात.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर

इथे दुसरी, वेगळी नोंदणी येते आणि ती पाहुण्याने स्वतः करायची असते. विद्यार्थी, संशोधन, नोकरी, वैद्यकीय अशा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना, व्हिसावर तशी सूचना असल्यास, भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. हे चौदा दिवस विमानतळावरच्या शिक्क्यापासून मोजा, गावात पोहोचल्यापासून नव्हे. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात किंवा सेवाग्राम परिसरात येणाऱ्यांचा पहिला आठवडा खोली शोधण्यातच जातो, म्हणून पहिल्या दिवशीच काम सुरू करावे.

हे ई-एफआरआरओवर होते. पाहुणा स्वतःच्या ईमेलने खाते उघडतो आणि पासपोर्ट, व्हिसा, आगमनाचा शिक्का, फोटो, राहण्याचा पुरावा आणि संस्थेचे पत्र चढवतो. राहण्याचा पुरावा म्हणून तुम्ही भरलेला फॉर्म सी चालतो, म्हणजे तुमचा उशीर त्याचाही उशीर ठरतो. भाडेकरू असेल तर भाडेकरार आणि घरमालकाचे वीजबिलही तयार ठेवा. काही कमी असेल तर कार्यालय ईमेलने विचारते आणि दिलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही तर अर्ज बंद होतो. स्पॅमचा कप्पाही रोज बघायला सांगा. शेवटी नोंदणी प्रमाणपत्र ईमेलनेच येते. पत्ता बदलला की तेही तिथेच कळवायचे.

शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांनी परदेशी विद्यार्थी व रुग्णांची माहिती आपापल्या वेगळ्या नमुन्यांत द्यायची असते. वसतिगृह त्यांचेच असेल तर फॉर्म सीसुद्धा त्यांचाच. पाकिस्तानी नागरिकांचे नियम याहून कडक आहेत, ठाण्यात हजेरीची मुदतही २४ तासांची असते. तसे कुणी येणार असेल तर आमंत्रण देण्याआधीच अधीक्षक कार्यालयाशी बोला.

चूक झाली असेल तर

फॉर्म भरायचा राहून गेला, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आले, तर तिसऱ्या दिवशीच भरा. आगमनाची तारीख खरी टाका, मागेपुढे करू नका, कारण विमानतळावरची नोंद, टोलनाक्याचे सीसीटीव्ही आणि सफारीचे बुकिंग हे सगळे दुसरीकडे आहे. उशिराचे कारण लिहून विशेष शाखेला कळवा. सादर केलेल्या फॉर्ममध्ये चूक सापडली तर अर्ज क्रमांक देऊन दुरुस्तीबद्दल तिथेच विचारा. त्याच माणसाचा दुसरा फॉर्म भरून ठेवू नका, एकाचे दोन पाहुणे होतात.

पाहुण्याचा व्हिसा संपलेला दिसला तर ते लपवण्यात तुम्ही सामील होऊ नका. मुदतीपलीकडे राहणाऱ्याला नव्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याला ई-एफआरआरओवर लगेच अर्ज करायला लावा. आजारपणामुळे थांबावे लागले असेल तर डॉक्टरांचे कागद जोडावेत.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: जवळच्या ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत, मग त्याच्या देशाचा दूतावास किंवा वकिलातीकडून तात्पुरते प्रवासपत्र, मग ई-एफआरआरओवर देश सोडण्याची परवानगी. या तिन्ही ठिकाणी जुन्या पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा क्रमांक आणि शिक्क्याची तारीख मागतात. पाहुण्याच्या स्वतःच्या फोनमध्ये ते नसले, तर तुमच्या फाईलमधल्या फॉर्म सी च्या प्रतीवर हे तिन्ही एकाच पानावर मिळते.